‘किती’च्या आधीचा प्रश्न

शाळेत मराठीच्या तासाला वाक्यरूपांतराचा एक स्वाध्याय असतो. प्रश्नार्थी वाक्य दिलेलं असतं आणि सूचना असते : अर्थ न बदलता विधानार्थी करा. ‘आईची माया कोणाला नको असते?’ मुलं झटकन लिहितात, ‘आईची माया सर्वांना हवी असते.’ नकार काढला, ‘कोणाला’च्या जागी ‘सर्वांना’ घातलं की गुण पदरात. अशा वह्या तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि दर वेळी एक गोष्ट मनाला टोचत राहिली. हा स्वाध्याय फक्त अशाच वाक्यांवर चालतो, जी मुळात प्रश्न नसतातच. ‘उरणची लोकल किती वाजता आहे?’ हे वाक्य विधानार्थी करून दाखवा बरं. होत नाही. विचारणाऱ्याला वेळ ठाऊक नाही, आणि ते ठाऊक नसणं हाच त्या वाक्याचा अर्थ. तो काढला की मागे वाक्य उरतं, प्रश्न उरत नाही.

म्हणजे शाळेत आपण मुलांकडून खूप घोटून घेतो ते प्रश्नाचा वेष घेतलेलं विधान. खरा प्रश्न, ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला हवं आहे आणि अजून मिळालेलं नाही, तो अभ्यासक्रमात फार कमी येतो. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली छापून आलं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. मराठी वाक्य उकलून बघायला आपल्याकडे हत्यारांची वाण नाही. पण प्रश्न कोणी कोणाला विचारायचा, कधीपर्यंत विचारायचा आणि कोणता प्रश्न विचारायचाच नाही, हे व्याकरणाच्या पुस्तकात नसतं. ते मला द्रोणागिरीत राहायला आल्यावर कळायला लागलं.

द्रोणागिरी म्हणजे आधी डोंगर. करंजाच्या डोक्यावर उभा असलेला, वर जुन्या किल्ल्याचे अवशेष असलेला. हनुमान संजीवनीसाठी पर्वत घेऊन जात असताना त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी इकडची श्रद्धा आहे. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उरणजवळच्या आपल्या नोडला त्या डोंगराचं नाव दिलं. आता रेल्वे स्थानकालाही तेच नाव आहे. खारकोपरहून पुढे उरणपर्यंत लोकल १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाली. पण नोडचे सेक्टर उभे आहेत ते बोकडवीरा, फुंडे, नवघर अशा गावांच्या भातखाचरांवर आणि खारजमिनीवर. आसपासची नावं बघा : जसखार, सावरखार, शेमटीखार. समुद्राला बांध घालून, उघाडीतून पाणी आत-बाहेर करत, पिढ्यान्‌पिढ्या गोड केलेली ही जमीन. उघाडी वेळेवर बंद झाली नाही तर एका भरतीत पीक जातं, आणि मग पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत काही वर्षं वाट बघावी लागते. हे सगळं ज्या माणसांना हाताने ठाऊक होतं, त्यांना १९७० नंतर काय विचारलं गेलं?

ते मला एका कागदात वाचायला मिळालं. बोकडवीऱ्यात माझ्या एका विद्यार्थिनीचं घर आहे. तिच्या आजोबांनी पत्र्याच्या ट्रंकेतून एक नोटीस काढून माझ्या हातात दिली. “बाई, वाचा जरा. माझ्या बापाच्या नावाचा कागद आहे. आम्ही नुसता जपला.” पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. मजकूर छापील, आणि मध्ये मध्ये सोडलेल्या मोकळ्या जागांत शाईने नाव, गाव, सर्व्हे नंबर, क्षेत्र भरलेलं. ‘हिस्सा’ या शब्दापुढे काहीतरी लिहून खोडलेलं. भूसंपादन कायदा १८९४, कलम ९. त्या कलमाखाली हितसंबंधी माणसाला बोलावून तीन गोष्टी सांगायला लावतात : जमिनीत तुमच्या हितसंबंधाचं स्वरूप काय, नुकसानभरपाईची मागणी किती आणि तिचा तपशील काय, आणि मोजणीबद्दल काही हरकत आहे का.

मी ती नोटीस मोठ्याने वाचली. आजोबा म्हणाले, “आणि जमीन द्यायची की नाही, ते कुठं विचारलंय?”

कुठेच नव्हतं.

इथे व्याकरण उपयोगी पडतं. ‘तुम्ही जमीन दिलीत का?’ आणि ‘तुम्ही जमीन का दिलीत?’ शब्द तेच; ‘का’ची जागा तेवढी बदलली. पहिल्या वाक्यात देणं अजून ठरायचं आहे, हो म्हणता येतं, नाही म्हणता येतं. दुसऱ्यात देणं होऊन गेलेलं आहे. कोण, कुठे, केव्हा, किती यांतला कुठलाही शब्द घेऊन येणारा प्रश्न एक विधान आधीच पोटात घालून येतो. ‘गाडी किती वाजता आहे’ म्हटलं की गाडी आहे हे आलंच. रोजच्या बोलण्यात त्याने काही बिघडत नाही, कारण ते पोटातलं विधान दोघांनाही मान्य असतं. पण एकाला ते मान्य नसेल, आणि ते मान्य केल्याशिवाय उत्तरच देता येणार नाही अशी प्रश्नाची घडण असेल, तर उत्तर देणारा तोंड उघडण्याआधीच हरलेला असतो. ‘मागणी किती?’ या प्रश्नाच्या पोटात ‘जमीन आम्ही घेतलीच आहे’ हे वाक्य बसलेलं होतं. एकरी अमुक इतके म्हणालात, तर जमीन दिलीत. काहीच म्हणाला नाहीत, तरी दिलीत, फक्त आकडा दुसऱ्याने ठरवला.

कायद्यात ‘का’ विचारायला जागाच नव्हती असं मात्र नाही. १९२३ च्या दुरुस्तीने कलम ५-अ आलं : कलम ४ ची अधिसूचना निघाल्यापासून तीस दिवसांत हरकत नोंदवावी. नवी मुंबईसाठीची अशी अधिसूचना फेब्रुवारी १९७० मध्ये निघाली. अधिसूचना राजपत्रात छापली जाते, आणि राजपत्र काही भाताच्या खाचरात येऊन पडत नाही. शिवाय तातडी दाखवली की कलम १७ खाली ही सुनावणी वगळायचीही सोय होती. पुढे कलम ६ खाली घोषणा झाली की सार्वजनिक प्रयोजनासाठी जमिनीची गरज आहे याचा ती घोषणा हाच निर्णायक पुरावा, असं कायदाच सांगत होता. निर्णायक पुरावा, म्हणजे त्यावर पुढे विचारणं नाही. त्यानंतर कलम १८ खाली कोर्टाकडे जायची वाट होती, पण ती चारच बाबींसाठी : मोजणी, रक्कम, रक्कम कोणाला द्यायची, आणि वाटणी कशी करायची. किती, किती, कोणाला, कसं. या सगळ्या यंत्रणेत ‘का’चं आयुष्य तीस दिवसांचं, आणि तेही बहुतेकांच्या नकळत सरलेलं.

‘का’ हाही काहीतरी गृहीत धरतो, हे खरं आहे. ‘जमीन का घेता?’ म्हणताना घेणं धरलेलंच असतं. पण तो ते गृहीतक उघड्यावर आणतो आणि समोरच्याला त्याची जबाबदारी घ्यायला लावतो. ‘किती’चं उत्तर देणाऱ्याला आकडा सांगून सुटता येतं. ‘का’चं उत्तर देणाऱ्याला कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की ते तपासता येतं, खोडता येतं, दुसरं कारण पुढे ठेवता येतं. वादाला सुरुवात होते ती तिथून. म्हणून सत्ता ज्यांच्या हाती असते त्यांना ‘किती’ चालतो आणि ‘का’ नकोसा होतो.

इथल्या शेतकऱ्यांच्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील याच उरण तालुक्यातल्या जासईचे. १९८४ च्या जानेवारीत १६ आणि १७ तारखेला जासई-पागोटे भागात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. दरवर्षी त्या दोन दिवशी इथले लोक जमतात, आणि मी पाहिलंय, ती भाषणं ऐकायला नव्या इमारतींतून फार थोडे येतात. त्या लढ्याने प्रश्न बदलला, हे मला त्यातलं सर्वांत मोठं काम वाटतं. ‘तुम्हाला किती पैसे हवेत?’ हा सरकारचा प्रश्न होता. लोकांनी उलट विचारलं, ‘आमच्या जमिनीवर जे शहर उभं राहील, त्यात आमचा वाटा किती?’ शब्द तोच, ‘किती’. पण पहिल्या प्रश्नात शेतकरी पैसे घेऊन निघून जाणारा होता, दुसऱ्यात तो इथेच राहणार होता. १९९० च्या शासन निर्णयातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना आली ती त्या बदललेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून.

आणि तरीही ते उत्तर ‘किती’चंच होतं. साडेबारातून पावणेचार टक्के सामाजिक सुविधांसाठी कापले जातात, हाती पावणेनऊ येतात. इथल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर हा हिशेब तोंडपाठ असणारी माणसं भेटतील. माझ्या वर्गातल्या मुलांना टक्केवारीचं गणित शिकवायला दुसरं उदाहरण लागत नाही. पण त्याच मुलांना विचारलं, ‘हे शहर इथेच का वसवलं?’ तर वर्ग गप्प होतो. त्यांच्या घरात या प्रश्नावर कधी बोलणंच झालेलं नसतं. तो विचारायची वेळ त्यांच्या आज्यापणज्यांच्याही वाट्याला आली नाही.

ज्यांच्याकडे सातबाराच नाही, त्यांना तर ‘किती’सुद्धा कोणी विचारला नाही. खाडीचा सातबारा निघत नाही. ‘जमीन कोणाच्या नावावर?’ या प्रश्नाला कोळणीकडे उत्तर नसतं. तिची चिंबोरी, निवट्या, कालवं ज्या चिखलात मिळायची तो चिखल कोणाच्याच नावावर नव्हता. न्हावा-शेवा बंदर १९८९ मध्ये सुरू झालं. भराव पडत गेले, तिवरं गेली, भरती-ओहोटीच्या वाटा बुजल्या. २७ फेब्रुवारी २०१५ ला राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यायचा आदेश दिला, तेव्हा कुठे ‘या खाडीवर कोणाचं पोट होतं?’ हा प्रश्न एका अधिकृत कागदावर उमटला. पंचवीसेक वर्षं तो विचारायचा राहून गेला, कारण फॉर्मवर त्याचा रकाना नव्हता. प्रश्नावली तयार करणाऱ्या माणसाच्या हातात केवढी सत्ता असते! त्याने रकाना आखला नाही तर माणूस असून नसल्यासारखा होतो.

उत्तर सुचवणाऱ्या प्रश्नाबद्दल आपला पुरावा कायदा फार जागरूक आहे. विचारणाऱ्याला जे उत्तर हवं आहे तेच सुचवणारा तो सूचक प्रश्न, अशी व्याख्या १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम १४१ मध्ये होती; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमातही ती गोष्ट आहे. वकिलाने आपल्याच साक्षीदाराला सरतपासणीत असा प्रश्न विचारला आणि दुसऱ्या बाजूने हरकत घेतली, तर कोर्टाच्या परवानगीशिवाय तो चालत नाही. उलटतपासणीत चालतो. कारण उघड आहे : आपल्या माणसाच्या तोंडात शब्द घालणं म्हणजे साक्ष नव्हे. आता गावात येऊन ‘तुम्हाला विकास नको का?’ असं विचारणारा माणूस आठवा. ‘नको का’ या दोन शब्दांत उत्तर शिजवून वाढलेलं असतं. नको म्हणाल तर अडाणी, नको म्हणायचं नसेल तर सही करा. कोर्टात जो प्रश्न अडवला असता तो मांडवात, माईकवरून, हार घातलेल्या माणसाने विचारला की टाळ्या पडतात. मला याचा राग येतो, आणि तो यायलाच हवा असं माझं मत आहे.

या ‘विकास नको का’चं काय करायचं, याचं सर्वांत चांगलं मार्गदर्शन मला सापडलं ते पाली वाङ्‌मयात. अंगुत्तर निकायात प्रश्नांचे चार प्रकार सांगितले आहेत. ते वाक्याच्या रूपावरून पाडलेले नाहीत, उत्तर कसं द्यायला हवं त्यावरून पाडलेले आहेत. काही प्रश्नांचं सरळ, एका बाजूने उत्तर द्यावं. काहींचं उत्तर फोड करून द्यावं. काहींना उलट प्रश्न विचारून मग उत्तर द्यावं. आणि काही प्रश्न बाजूला ठेवून द्यावेत. चारच प्रकार, पण यात एक मोठी मोकळीक आहे : विचारलेल्या प्रश्नाच्या मापातच उत्तर बसवलं पाहिजे, हे बंधन सुटतं.

मज्झिम निकायात अभय राजकुमाराची गोष्ट आहे. बुद्धाला दोन्ही बाजूंनी अडकवेल असा प्रश्न घेऊन तो येतो : तथागत दुसऱ्याला न आवडणारं असं बोलतो का? हो म्हटलं तर मग सामान्य माणसात आणि तुमच्यात फरक काय. नाही म्हटलं तर देवदत्ताला जे कठोर बोललात ते कसं? बुद्ध सांगतात, याचं उत्तर एका बाजूने देता येत नाही. आणि राजकुमाराच्या मांडीवर त्याचं तान्हं मूल बसलेलं असतं, त्याच्याकडे बघून उलट विचारतात : दाईच्या नजरचुकीने या मुलाने काडी किंवा खडा तोंडात घातला तर काय कराल? राजकुमार म्हणतो, रक्त आलं तरी बोट घालून काढीन, कारण मला त्याची दया येते. उलट प्रश्नातून फोड झाली, आणि अडकवायला आलेला माणूस स्वतःच्या तोंडून उत्तर देऊन बसला. मला ही गोष्ट फार आवडते ती त्या मुलामुळे. वाद जिंकण्यासाठी आणलेला प्रश्न एका मिनिटात मांडीवरच्या जिवंत मुलापाशी येऊन ठेपतो.

‘विकास नको का?’ हा असाच फोड करून उत्तर द्यायचा प्रश्न आहे. दवाखाना हवा. लोकल हवी, आली, चांगलं झालं. पूर्वी उरणहून मुंबईला जायचं तर मोरा बंदराची लाँच नाहीतर एसटी, एवढंच हाती होतं. दिवसरात्र कंटेनरच्या ट्रेलरची रांग दारावरून नको. पाणजेची पाणथळ जागा बुजायला नको, जिथे रोहित उतरतात. हे सगळं एका ‘हो’त किंवा एका ‘नाही’त मावत नाही. आणि उलटही विचारता येतं : विकास कोणाचा, तो कोणी ठरवला, आमच्याशिवाय ठरला असेल तर आम्हाला आता विचारता ते कशासाठी?

‘का’ विचारायचा तर आता माहिती अधिकार आहे, असं मला कोणीतरी नेहमी सांगतं. २००५ चा तो कायदा मोलाचा आहे, त्याच्या जोरावर या तालुक्यातही किती तरी कागद बाहेर आले. पण मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो यांच्या प्रकरणात स्पष्ट केलं की ‘माहिती’च्या व्याख्येत ‘का?’ या प्रश्नाचं उत्तर बसत नाही. जे नोंदीत आहे ते मिळेल, समर्थन मागता येणार नाही. म्हणजे अर्ज लिहिताना ‘असं का केलं?’ हे वाक्य मोडून ‘असं करण्याचा निर्णय ज्या टिपणीवर झाला तिची प्रत द्यावी’ असं करावं लागतं. अर्थ न बदलता केलेलं हे वाक्यरूपांतर मी मोठ्या माणसांना शिकवते. मात्र त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये असंही आहे की प्रशासकीय निर्णयाची कारणं सार्वजनिक प्राधिकरणाने बाधित माणसांना आपणहून कळवावीत. न विचारता. हे कलम फारसं कोणी वाचत नाही, विचारणारेही नाहीत आणि सांगणारेही नाहीत.

२०१३ चा नवा भूसंपादन कायदा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा त्याच्या सामाजिक परिणाम निर्धारणाच्या कलमापाशी थबकले. तिथे शासनाने स्वतःलाच विचारायचे प्रश्न लिहून ठेवले आहेत. हे खरंच सार्वजनिक प्रयोजन आहे का? घेतली जाणारी जमीन अगदी किमान गरजेइतकीच आहे का? दुसऱ्या जागेचा विचार केला होता का, आणि ती जागा का जमली नाही? नव्वदेक वर्षं ज्या ‘का’ला तीस दिवस मिळत होते, तो कायद्याच्या पोटात येऊन बसला. त्यासाठी किती गावांतून किती माणसं रस्त्यावर उतरली, किती तुरुंगात गेली, त्यांत जासईची आणि पागोट्याचीही होती.

आता तिसरी मुंबई येते आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एमएमआरडीएला कर्नाळा-साई-चिरनेर नवनगरासाठी प्राधिकरण नेमलं गेलं : उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतली १२४ गावं, सुमारे ३२३ चौरस किलोमीटर. त्यातलं चिरनेर म्हणजे २५ सप्टेंबर १९३० च्या जंगल सत्याग्रहाचं चिरनेर, जिथे सरकारी जंगल सरकारचं का, हे लोकांनी कोयत्याने झाड तोडून विचारलं आणि उत्तरादाखल गोळ्या खाल्ल्या.

हरकती द्यायच्या दिवसांत माझ्या त्या विद्यार्थिनीच्या मामाकडे, चिरनेरच्या बाजूला, आम्ही काही जण कागद घेऊन बसलो. एका तरुणाने पहिलं वाक्य सांगितलं, “आमच्या लेकराबाळांचं काय?” मी म्हटलं, दादा, हे कोणीही वाचलं की शेऱ्यात लिहील, ‘भावना तीव्र आहेत’, आणि फाईल बंद होईल. याला उत्तर द्यावं लागेल असं लिहू. मग बराच वेळ एकेका वाक्यावर खल झाला. ज्यांच्या नावावर जमीन नाही पण शेतावर, खाडीवर, मिठागरावर पोट आहे अशी माणसं या गावांत किती, ती कोणी आणि केव्हा मोजली? आधी संपादन केलेल्या जमिनीपैकी किती अजून वापराविना पडून आहे, आणि ती असताना नवी का लागते? कोणत्या पर्यायी जागा पाहिल्या, त्यांचे अहवाल कुठे आहेत? मामांचं म्हणणं होतं की सगळ्यांत वर एकच ओळ हवी, ‘हे शहर इथेच का?’ एकजण म्हणाला, एवढ्या साध्या वाक्याला कोण विचारतो. मामा ऐकेनात. शेवटी ती ओळ एक नंबरला गेली, आणि तिच्याखाली त्यांनी माझ्याकडून आणखी एक वाक्य लिहून घेतलं : या प्रश्नाचं उत्तर लेखी द्यावं, आणि मोबदल्याचा दर कळवला म्हणजे या प्रश्नाचं उत्तर दिलं असं धरू नये.